चार अंशांचे थंड प्लग

एकदा एका नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं आणि त्याला कारण झालं एक इंजिन. हसू नका. संसारात अबोला धरायला माणसं आमटीतल्या मिठापासून माहेरच्या लग्नापर्यंत काहीही शोधून काढतात. या दोघांना इंजिन सापडलं, इतकंच.

बायकोचं नाव राजमती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इलाही वस्तादांच्या गॅरेजमध्ये ती तीन वर्षं काम शिकत होती. यंत्रविद्येची पदविका तिच्याकडे आधीच होती. पण नट कुठल्या बाजूनं सुटतो एवढंच पुस्तकात असतं. तो गंजून हटून बसला असेल तर त्याची समजूत कशी काढायची हे वस्तादांच्या हाताशी उभं राहूनच कळतं, असं तिचं मत होतं आणि ते बरोबर होतं. नवऱ्याचं नाव भूपाल. तो जवळच्याच एका दूध शीतकरण केंद्रावर देखरेखीला होता. गावोगावचं दूध यायचं, ते चार अंशांवर थंड करायचं, टँकरमध्ये भरून पुढं पाठवायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात वही. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या हातांत जीपचं स्टिअरिंग यायचं, आणि मग या सज्जन माणसाला ओळखणं मुश्कील व्हायचं.

जीप भूपालच्या आप्पाकाकांची. कोणे एके काळी ती दुधाची कॅनं वाहायची. पुढं राजमती-भूपालच्या लग्नाची वरात तिच्यातूनच निघाली होती, आणि वरातीत ती दोनदा बंद पडली तेव्हा नवरीनं शालू सावरत खाली उतरून बॉनेट उघडलं होतं. त्या दिवसापासून काकांनी जीपची किल्ली सुनेच्या हाती दिली. दरवर्षी माघात सोनकडा घाटात चढाईची शर्यत होते. दोन वर्षं यांची जीप अर्ध्या घाटात धापा टाकत थांबली होती. यंदा काकांनी साफ सांगितलं.

"बघ राजमती, ह्या वर्षी घाट पुरा चढली तर जीप तुमची, कागद तुझ्या नावावर. न्हाई चढली तर सोमवारपासनं ती माझ्या वीटभट्टीवर विटा वाहील. तिथं तिला गरज हाय, हितं नुसता नाद हाय."

राजमतीनं ते मनावर घेतलं. जीपचं जुनं इंजिन काढून तिनं भंगारातल्या एका मोटारीचं पेट्रोल इंजिन त्यात बसवलं, आणि वर टर्बो चढवला. टर्बो म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, घाबरू नका. इंजिनाचा जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक छोटी पाती फिरते, आणि ती पाती बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त, आणि दोन्ही जास्त म्हणजे ताकद जास्त. ही हवा किती दाबली जातेय ते दाखवणारा काटाही तिनं स्टिअरिंगशेजारी बसवला.

पेट्रोलची निवड तिनं फार विचारानं केली होती. जादा पेट्रोल पुरवणारा पंप, इंजिनात पेट्रोल फवारणारे मोठ्या तोंडाचे इंजेक्टर, सगळं नीट जुळवलं. आणि हायवेवरच्या एका पंपावर मिळणारं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच टाकीत भरायचं, असा नियम केला. भूपालला वाटायचं, हे भारी पेट्रोल म्हणजे लवकर भडकणारं असणार. राजमतीनं त्याला समजावलं होतं, "उलट आहे रे. हे लवकर पेटत नाही. कितीही दाबलं, तापवलं, तरी ठिणगी पडेपर्यंत दम धरतं. साधं पेट्रोल दाबाखाली आपल्याआपणच भडकतं आणि मग इंजिन ठोकायला लागतं." किती शहाणपणाचं बोलली! दम धरणारं इंधन निवडणारी ही बाई स्वतः मात्र पुढच्याच आठवड्यात ठिणगी पडायच्या आधी भडकली. पण ते ओघानं येईलच.

चाचणीसाठी एका सकाळी जीप घाटात नेली. काका वर तिसऱ्या वळणावर चहाचा थर्मास घेऊन बसले होते. पहिलं वळण झकास, दुसरं त्याहून झकास. तिसऱ्या वळणाच्या आधी भूपालनं जोर दिला, टर्बोची शीळ घुमली, आणि इंजिन खोकायला लागलं. खोकलं, गचके दिले आणि बरोबर काकांच्या पुढ्यात गपकन बंद पडलं. काकांनी थर्मासचं झाकण लावलं.

भूपाल खाली उतरला आणि चार माणसांत म्हणाला, "हिच्या इंजिनाला दमा झालाय."

राजमती म्हणाली, "इंजिनाला काही झालेलं नाही. चालवणाऱ्याच्या पायाला अक्कल नाही."

झालं. घरी येईपर्यंत दोघांत चकार शब्द नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजमती दारातून म्हणाली, "आपला डबा टेबलावर ठेवलाय." भूपालनं उत्तर दिलं, "आभारी आहे. आपण त्रास घेतलात."

वाचकहो, इथं थोडं थांबू. 'अहो' म्हणणाऱ्या बायकांचं काही चुकतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्याकडे एकतीस वर्षं 'अहो' चाललंय आणि त्या एका शब्दाचे सतरा अर्थ मला आजवर कळलेत. पण ज्या घरात पहिल्या दिवसापासून 'ए भूपाल' आणि 'काय गं' चालतं, त्या घरात एका सकाळी 'आपण' अवतरला, की समजावं, आतलं दूध नासलंय. इंग्रज बापड्याला रागावूनही 'यू' आणि लाडातही 'यू' म्हणावं लागतं. आपल्याला मात्र शिव्या न देता, आवाज न चढवता, नुसत्या आदरानं माणसाला घराबाहेर उभं करता येतं.

असे नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत राजमतीनं काय केलं? तर जे जे मोठं करता येईल ते ते मोठं केलं. इंजिनात पेट्रोल पेटतं ते ठिणगीनं, आणि ठिणगी पडते स्पार्क प्लगच्या टोकाशी. तिथं दोन धातूंच्या टोकांमध्ये एक बारीक फट असते, ती ओलांडून वीज उडी मारते. राजमतीनं हिशेब केला, की ताकदीचं इंजिन म्हणजे ठिणगीही मोठी हवी. म्हणून तिनं ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल जोरकस आणली, आणि चारही प्लगांच्या फटी वाढवल्या. फट मोठी म्हणजे उडी मोठी, उडी मोठी म्हणजे ठिणगी मोठी. कागदावर यात खोट काढता आली नसती. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या जीप रेस केली की इंजिन असं गोड वाजायचं की शेजारचा वेल्डर मान डोलवायचा. पण भूपाल जीप रस्त्यावर नेऊन आणायचा, गुपचूप दारात लावायचा आणि वहीतल्यासारखी एकच नोंद तोंडी देऊन जायचा, "वस्ताद, मॅडमना सांगा, अजून खोकतीय."

कधी खोकते, कुठं खोकते, कितव्या गिअरात, हे मॅडमनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. विचारायचं म्हणजे बोलायला लागलं असतं.

इलाही वस्ताद हे सगळं बघत होते. वय पंच्याहत्तर, दाढी पांढरी, बोटं मात्र अजून अशी की अंधारात चाचपून नट कुठल्या मापाचा ते सांगत. बिनदुधाचा चहा पीत ते लाकडी खोक्यावर बसून राहत. शेवटी गुरुवारी राजमतीनं हातातला पाना बाकावर टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

"वस्ताद, मला कळंना झालंय. पेट्रोल बरोबर आहे, हवा बरोबर आहे, ठिणगी इतकी मोठी केलीय. तरी रस्त्यावर जाऊन मरतंय. येत्या रविवारी शर्यत. माझी जीप विटा वाहणार बघा."

"गाडी चालवणारा काय म्हणतो?" वस्तादांनी विचारलं.

"ते काही म्हणत नाहीत."

"ते?" वस्तादांनी भुवई उचलली. "ते म्हंजे कोण गं?"

राजमतीनं पाना पुन्हा उचलला. वस्तादांनी खिशातून फोन काढला, तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि भूपालला लावला.

"भूपाल, उद्या दुपारी ये. येताना जीपसाठी चार थंड प्लग घिऊन ये. थंडच पायजेत बरं का. गरम अजिबात चालणार न्हाईत."

भूपाल "हां वस्ताद" म्हणाला.

आता ज्याचा या धंद्याशी संबंध आहे त्याला यात काही विशेष वाटणार नाही. प्लग दोन तऱ्हेचे असतात. 'गरम' प्लग आपल्या टोकाची उष्णता धरून ठेवतो. 'थंड' प्लग ती पटकन इंजिनाच्या अंगाला देऊन मोकळा होतो. टर्बोच्या इंजिनात आधीच भट्टी पेटलेली असते, तिथं तापून लाल झालेलं टोक परवडत नाही, म्हणून थंड प्लग. राजमतीला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण भूपालनं ज्या बायकोला विचारायचं, तिच्याशी त्याचं 'आपण-आपण' चाललं होतं. आणि दुकानदाराला विचारावं तर लाज. शिवाय थंड म्हणजे काय, हे त्याला कोण शिकवणार? पंधरा वर्षं तो दुसरं काय करत होता?

शुक्रवारी दुपारी भूपाल गॅरेजमध्ये आला तो छातीशी निळी पेटी धरून. शीतकरण केंद्रावर दुधाचे नमुने ज्या बर्फाच्या पेटीतून नेतात ना, तीच. त्यानं ती बाकावर अलगद ठेवली, झाकण उघडलं. आतून वाफेसारखा गारवा बाहेर आला. बर्फाच्या चुऱ्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले, दुकानातून आणलेले चार साधे प्लग झोपले होते आणि त्यांच्या शेजारी एक थर्मामीटर.

"बरोबर चार अंश, वस्ताद," भूपाल अभिमानानं म्हणाला. "रात्रभर ठेवलेत. वाटेत दोनदा तपासलं. पण लगेच बसवा, नाहीतर चढतील."

राजमतीच्या घशातून कसलासा आवाज आला. तिनं ओठ दाबून धरले, पाठ फिरवली, खांबाला डोकं टेकलं. पण नऊ दिवस आत कोंडलेलं हसू कुठवर थांबणार? ती खो खो हसत खालीच बसली. "चढतील!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि डोळे पुसत होती.

भूपालला आधी काही समजेना. वस्तादांनी थंड प्लग म्हणजे काय ते हळू आवाजात सांगितलं तेव्हा त्याचे कान तांबडे झाले. त्यानं पेटीचं झाकण लावलं.

"माझं इथं काही काम नाही," तो म्हणाला. "मॅडमना म्हणावं, पोटभर हसून घ्या. रविवारी दुसरा कोणी चालवणारा बघा. ज्याच्या पायाला अक्कल असंल असा."

राजमतीचं हसू जागच्या जागी विरलं. त्या बर्फाच्या पेटीकडे तिचं लक्ष गेलं. कुणी सांगितलं होतं त्याला रात्रभर प्लग बर्फात ठेवायला? कुणी सांगितलं होतं वाटेत थांबून थर्मामीटर बघायला? माणूस रागावलेला होता आणि तरी त्यानं तिच्या इंजिनासाठी हे केलं होतं, अगदी मनापासून, अगदी चुकीचं. त्याला हाक मारावी असं तिला वाटलं. पण बोलायचं कसं, 'तू' म्हणून की 'आपण' म्हणून, हेच तिला ठरवता येईना, आणि तोवर भूपाल दारापर्यंत गेला.

"भूपाल," वस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, "पेटी ठेव खाली. म्हाताऱ्याला जरा मशीन पुसायला मदत कर आन् मग जा."

वस्तादांचा शब्द मोडायची पद्धत उद्यमनगरात नाही. भूपाल परत आला. कोपऱ्यात पोत्याखाली एक जुनं मशीन होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं. प्लग साफ करायचं आणि तपासायचं. त्यात एका बाजूला प्लग बसवायचा, बाहेरून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, आणि दाबाखाली ठिणगी कशी पडते ते बघायला समोर एक काच. काच केवढी, तर कोटाच्या बटणाएवढी. भूपालनं मशीन पुसलं. वस्तादांनी जीपमधून राजमतीचा एक प्लग काढला, तिनं फट वाढवलेला, आणि मशीनमध्ये बसवला.

"या हिकडं. दोघंबी बघा."

"त्यांना बघू दे आधी," राजमती म्हणाली.

"नको, मॅडमना बघू दे," भूपाल म्हणाला.

"माझ्याकडं दोनदा दाखवायला वेळ न्हाई," वस्ताद म्हणाले. "कॉम्प्रेसरची हवा काय तुमच्या मानपानासाठी थांबतीय? एकदमच बघा."

बटणाएवढी काच आणि दोन माणसांची दोन डोकी. एका डोळ्यानं बघायचं तरी गालाला गाल लागणारच. दोघं वाकली. राजमतीच्या केसांना ग्रीसचा वास, भूपालच्या शर्टाला दुधाचा. नऊ दिवसांनी ते वास एकमेकांच्या इतके जवळ आले होते, आणि दोघांनीही बघायचं ते काचेतूनच, असा चेहरा केला होता.

वस्तादांनी बटण दाबलं. काचेत निळी, लखलखीत ठिणगी नाचायला लागली.

"कशी हाय?"

"झकास," राजमती म्हणाली. आतून तिला बरंच वाटलं.

"ही मोकळी हवा. आता दाब देतो." वस्तादांनी हवेची तोटी सोडली. मशीनचा काटा चढायला लागला. ठिणगी पिवळट झाली. काटा अर्ध्यापुढं गेला तशी ती अडखळायला लागली. एक पडायची, दोन चुकायच्या. आणखी थोडा दाब, आणि काचेत अंधार.

"असंच!" भूपाल ओरडला, इतक्या मोठ्यानं की राजमतीच्या कानात दडा बसला. "अगं, अगदी असंच होतंय! तिसऱ्या गिअरात टर्बोचा काटा अर्ध्याच्या पुढं गेला की मगच खोकतीय. त्याच्या आधी कधीच नाही. एकदासुद्धा नाही!"

राजमती झटक्यात त्याच्याकडे वळली. "अर्ध्याच्या पुढंच? उभ्या गाडीत काटा अर्ध्यापर्यंत येतच नाही! मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

गॅरेजमध्ये 'तू' घुमत राहिला. भूपाल खाली बघायला लागला, राजमतीनं नाकाला ग्रीस लावून घेतलं. वस्तादांनी काहीच ऐकलं नाही असं दाखवत मशीनमधून प्लग काढला.

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून राजमतीचा जीव खालीवर झाला. इतक्या निगुतीनं वाढवलेली ती फट! वस्तादांनी प्लग बाकाच्या लोखंडी कडेवर हलकेच ठोकला. एकदा, दोनदा, तीनदा. फट कमी कमी होत गेली.

"वस्ताद! अहो मिटवताय की ती! ठिणगी बारकी होईल!"

वस्तादांनी लोखंड कापायच्या हॅक्सॉचं एक मोडकं पातं घेतलं आणि फटीत घालून बघितलं. पातं जेमतेम, घासत गेलं. त्यांनी प्लग पुन्हा मशीनमध्ये बसवला आणि नुसतं काचेकडे बोट केलं. या वेळी कुणी 'आधी त्यांना' म्हणालं नाही. गालाला गाल लागला. काटा चढला, अर्ध्याच्या पुढं गेला, शेवटाला टेकला. ठिणगी छोटी होती, पण ती एकदाही चुकली नाही.

"तुझी ठिणगी कमजोर नव्हती, पोरी," वस्ताद म्हणाले. "फट ठेवायची तुझी पद्धतबी मोकळ्या रस्त्याला ठीक होती. मोकळ्या हवेत ठिणगी केवढीबी उडी मारती. टर्बो आला, मधली हवा दाट झाली. आता तेवढीच फट ठिणगीला ओलांडता यीना. माणूस काय करतो? ठिणगी मोठी करत सुटतो. कॉइल मोठी, आवाज मोठा, सगळं मोठं. माझ्या उस्तादांनी मला येवढंच सांगितलं होतं, की इलाही, दाब वाढला की आधी फट कमी कर." त्यांनी चहाचा घोट घेतला, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाले, "मी प्लगचं सांगतोय हां."

"प्लगचंच," राजमती म्हणाली आणि भूपालकडे बघून हसली.

मग वस्तादांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कागदात गुंडाळलेले चार थंड प्लग होते, नवे कोरे. राजमतीनं चारांच्या फटी हॅक्सॉच्या पात्यानं लावल्या. भूपाल एकेक प्लग हातात देत होता आणि प्रत्येक वेळी विचारत होता, "हा किती अंश?" तिसऱ्या वेळी तिनं त्याला ग्रीसच्या फडक्यानं हाणलं.

रविवार उजाडला. सोनकडा घाटाच्या पायथ्याशी अकरा गाड्या, ढोल, वडापावच्या गाड्या, पोराबाळांची जत्रा. काका वर, घाटमाथ्यावर उभे होते. सोबत वीटभट्टीचा ड्रायव्हर, खांद्यावर पंचा टाकून तयार. गेल्या दोन वर्षी राजमती पायथ्याशी थांबली होती. या वर्षी ती शेजारच्या सीटवर चढून बसली.

"तू कुठं?" भूपाल म्हणाला.

"टर्बोचा काटा मी बघते. तू रस्ता बघ."

निशाण पडलं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. त्या गोंगाटात लांबलचक बोलणं शक्यच नव्हतं. "थर्ड!" "टाकला!" "पाव!" "हां!" "अर्धा आला!" असं एकेका शब्दात दोघांचं चाललं होतं. तिसरं वळण समोर आलं, तेच, थर्मासवालं. टर्बोची शीळ चढली. भूपालचा पाय किंचित मागं आला.

"मागं घेऊ नकोस!" राजमती ओरडली. "दाब! मी आहे ना!"

त्यानं दाबलं. काटा अर्ध्यावरून सरकला, पाऊण झाला. खोकला आला नाही. इंजिन एका सुरात गर्जत राहिलं, वळण मागं पडलं, चौथं, पाचवं, आणि दोघंही काही कारण नसताना मोठमोठ्यानं ओरडायला लागली, लहान पोरं झोक्यावर ओरडतात तशी. घाटमाथ्याची दोरी ओलांडून जीप धुरळ्यात थांबली तेव्हा भूपाल हसत होता आणि राजमती रडत होती, की उलट होतं, ते काकांनाही सांगता आलं नाही.

शर्यतीत त्यांचा नंबर सातवा आला. अकरांत सातवा! पण काकांनी जीपभोवती एक फेरी मारली, गरम बॉनेटवर हात ठेवून चटका बसताच काढून घेतला, आणि भट्टीच्या ड्रायव्हरला म्हणाले, "चल बाबा, इटांना दुसरी गाडी बघू. ही हितल्याच कामाची हाय." आणि थर्मास उघडून पहिला कप सुनेच्या हातात दिला.

सोमवारी राजमती पेढे घेऊन गॅरेजमध्ये गेली. वस्तादांना पेढा देताना तिची नजर फळीवरच्या त्या पत्र्याच्या डब्याकडे गेली, आणि तीन दिवस जे तिच्या ध्यानात आलं नव्हतं ते आलं.

"वस्ताद, थंड प्लग तर तुमच्याकडे होतेच की. मग भूपालला कशाला आणायला सांगितलेत?"

वस्तादांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, बोटं पुसली.

"प्लग होते गं," ते म्हणाले. "भूपाल नव्हता हितं."

राजमती वाकली आणि तिनं म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून भूपालचा गंभीर आवाज आला, "मॅडम, आपण संध्याकाळी घरी किती वाजता पोहोचाल?"

"ए, गप रे," राजमती म्हणाली. "सहाला येते. चहा तू कर."

आता उद्यमनगरात कुणी टर्बो चढवलेली गाडी घेऊन आलं आणि प्लगची फट किती ठेवायची असं विचारलं, की राजमती हॅक्सॉचं पातं पुढं करते आणि म्हणते, "दोघांत 'आपण' मावणार नाही इतकी." गिऱ्हाइकाला काही कळत नाही. कोपऱ्यात खोक्यावर बसलेले वस्ताद तेवढे चहात हसतात.